अर्धांगवायु आणि तोलाचें माप

घरांतील कर्ता पुरुष किंवा वडील बाई अर्धांगवायूच्या झटक्यानें अंथरुणास खिळली म्हणजे पहिले दोन दिवस घरांत एकच चिंता असते. जीव वांचेल कीं नाहीं. जीव वांचणार असें दिसूं लागलें कीं ती चिंता मागें सरते आणि तिची जागा दुसरा प्रश्न घेतो. हा प्रश्न रोग्याच्या देखत कोणी विचारीत नाहीं. डॉक्टर खोलींतून बाहेर पडले कीं त्यांच्या मागोमाग दारापर्यंत जाऊन हलक्या आवाजांत तो विचारला जातो: "पुन्हां चालतील का?" संसाराची पुढची सारी व्यवस्था या तीन शब्दांवर टांगलेली असते. परगांवच्या मुलानें नोकरीवर परत केव्हां जावें, शेत यंदां खंडानें लावावें काय, माडीवरचें बिऱ्हाड खालीं आणावें काय, रात्रीं उशाशीं कोणी बसावें, या सर्वांचीं उत्तरें त्या एका उत्तरावर अवलंबून असतात.

हें उत्तर देण्याचा प्रयत्न वैद्यकानें आजवर कसकसा केला आणि अखेरीस त्याचा कांहींसा भरंवशाचा धागा कोठें सांपडला, याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा असा आमचा हेतु आहे. हा धागा शवविच्छेदनाच्या मेजावर गवसला नाहीं, कीं मोठमोठ्या यंत्रांनीं काढलेल्या मेंदूच्या चित्रांतहि तो प्रथम दिसला नाहीं. तो गवसला खाटेच्या कडेवर. रोग्यास पाय खालीं सोडून, कशाचाहि टेकू न देतां बसविलें असतां तो तीस सेकंद बसून राहतो कीं एका अंगावर कलंडतो, या साध्या पाहणींतून पुढील सहा महिन्यांविषयीं बरेंच कांहीं सांगतां येतें, असें अलीकडच्या संशोधकांस आढळून आलें आहे. मात्र भाकित करण्याची कला जसजशी पक्की होत गेली तसतसा एक जुनाच वाद नव्यानें उभा राहिला. भाकित करावयाचें तें कोणाच्या हितासाठीं? या वादाकडे आम्ही शेवटीं वळूं.

ग्रीक वैद्यांनीं या रोगास दिलेल्या नांवाचा अर्थच 'तडाख्यानें खालीं पाडणें' असा आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवावर चालत आलेल्या सूत्रसंग्रहांत, या रोगाचा जोराचा झटका असाध्य व सौम्य झटकाहि दुःसाध्य, अशा आशयाचें मत नमूद आहे. आपल्याकडील सुश्रुतसंहितेनें याहून बारीक विचार केला. तिच्या निदानस्थानांत पक्षाघाताचे साध्यासाध्यतेच्या दृष्टीनें तीन भेद सांगितले आहेत: केवळ वातामुळें झालेला तो अत्यंत कष्टानें बरा होणारा, इतर दोषांच्या संयोगानें झालेला तो साध्य, आणि धातुक्षयानें झालेला तो असाध्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत तर वैद्यास स्पष्ट इशारा आहे कीं, असाध्य रोग हातीं घेणारा आपलें द्रव्य, विद्या व यश गमावून बसतो. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. प्राचीनांचें भाकित बहुतांशीं वैद्यास सावध करण्यासाठीं होतें. कोणास हात लावावा आणि कोणास लावूं नये हें ठरविण्याचें तें साधन होतें. त्या काळच्या वैद्याजवळचे उपाय पाहतां यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु ही संवय पुढें फार दूरवर चालत आली आहे.

रोगाचें मूळ कोठें आहे हें युरोपांत सतराव्या शतकांत उघड झालें. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन येथील योहान याकोब वेप्फर या वैद्यानें झटक्यानें मृत्यु पावलेल्यांचीं शवें तपासलीं आणि १६५८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून मेंदूंतील रक्तस्रावाचा या रोगाशीं असलेला संबंध दाखवून दिला. १७६१ सालीं पादुआच्या मोर्गान्यी यानें आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, तेव्हां तो ऐंशीच्या घरांत पोंचला होता. मेंदूची इजा एका बाजूस आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूस, ही गोष्ट त्यांतील शवविच्छेदनाच्या वृत्तांतांनीं दृढ केली. ज्ञानांत ही भर मोलाचीच होती. पण ती मृतांपासून मिळालेली होती, आणि दाराशीं उभ्या असलेल्या मुलाचा प्रश्न जिवंत माणसाविषयीं होता. इजा कोठें झाली हें कळलें म्हणून माणूस चालेल कीं नाहीं हें कळत नसे.

जिवंत माणसाच्या तोलाकडे परीक्षेच्या दृष्टीनें पाहण्याची सुरुवात दुसऱ्याच एका रोगाच्या निमित्तानें झाली. बर्लिनच्या मोरित्झ हाइनरिख रॉम्बर्ग यानें १८४० ते १८४६ या काळांत मज्जाविकारांवरील आपला ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु झिजविणाऱ्या एका विकारांत रोगी डोळे उघडे असतां उभा राहतो, पण डोळे मिटतांच डोलूं लागतो व पडूं पाहतो, हें त्यानें नोंदविलें. आपले पाय कोठें आहेत याची आंतून मिळणारी जाणीव नाहींशी झाल्यामुळें तो रोगी केवळ डोळ्यांच्या आधारानें उभा असतो. पुढें १८८७ सालीं फिलाडेल्फियाच्या गाय हिन्सडेल यानें, निश्चल म्हणून उभा राहिलेला निरोगी माणूसहि किती हेलकावे खातो, याचें मापन करून तें प्रसिद्ध केलें. उभें राहणें ही विश्रांति नसून अखंड चाललेली क्रिया आहे, ही दृष्टि या प्रयोगांनीं वैद्यकास दिली. परंतु तोलाची ही परीक्षा रोग ओळखण्यासाठीं होती. रोग्याचें पुढें काय होईल हें तोलावरून सांगावें, हा विचार कोणाच्या मनांत यावयास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

याचें कारण असें कीं, बरें होण्याची वाट कशी असते हेंच कोणी बारकाईनें पाहिलें नव्हतें. १९५१ सालीं टॉमस ट्विचेल या अमेरिकन वैद्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांत अर्धांगाच्या रोग्यांच्या हातापायांत हालचाल परत येते ती कोणत्या क्रमानें येते, हें दाखविलें. आधीं अंग सैल पडलेलें, मग ताठर; मग सगळा अवयव एकदम हलतो, आणि शेवटीं एकेक सांधा स्वतंत्रपणें हलूं लागतो. मूळच्या स्वीडिश, पण अमेरिकेंत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रम या बाईंनीं या वाटेचे सहा टप्पे पाडले व १९७० सालीं त्यांवर पुस्तक लिहिलें. त्याच वर्षीं, नाझी राजवटींत बर्लिन सोडून लंडनास आलेल्या बर्टा बोबाथ यांचेंहि पुस्तक निघालें. रोग्याची निकामी बाजू सोडून देऊन चांगल्या बाजूवरच सारा भार टाकण्याच्या रूढ रीतीस त्यांचा विरोध होता. बसणें, वळणें, वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेणें, यांवर त्यांच्या उपचाराचा भर असे.

वाट ठाऊक झाली म्हणजे मैलाचे दगड हवे असतात. १९६५ सालीं मेरीलँडमध्यें मॅहोनी व बार्थेल या बाईंनीं जेवणें, स्नान, कपडे, शौच, चालणें, जिना चढणें अशा दहा दैनंदिन गोष्टींस मिळून शंभर गुण ठेवले. घरांत माणूस किती स्वावलंबी आहे हें त्या गुणांवरून कळूं लागलें. १९७५ सालीं स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथें अॅक्सेल फुग्ल-मायर व त्यांचे सहकारी यांनीं अधिक विस्तृत माप तयार केलें. हातापायांच्या हालचालींस त्यांनीं शंभर गुण दिले. तोलास सात कृतींचे मिळून अवघे चौदा. त्या मापाच्या थाटांत तोल हा एका कोपऱ्यांतला पाहुणा होता.

तो कोपऱ्यांतून पुढें आला तो १९८३ सालीं, इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं. डेरिक वेड व त्यांचे सहकारी यांनीं, झटक्यानंतर लवकर घेतलेल्या कोणत्या नोंदींवरून सहा महिन्यांनंतरचें स्वावलंबन सांगतां येईल, याचा हिशेब मांडला. उपयोगीं पडलेल्या नोंदी मोजक्याच होत्या: वय, दृष्टीच्या एका बाजूचा लोप, लघवीवरील ताबा, हाताचा अशक्तपणा, आणि बसण्याचा तोल. यांपैकीं कोणतीहि नोंद घेण्यास यंत्र लागत नाहीं. परिचारिका रोज पाहते तेंच हें. फक्त आजवर तें कोणी कागदावर मांडून त्याचा पुढच्या काळाशीं मेळ घातला नव्हता.

बसण्याला एवढें महत्त्व कां असावें? आपणांस बसणें फुकट मिळाल्यासारखें वाटतें. पण नुसतें सरळ बसण्यासाठीं मेंदूस एकाच वेळीं अनेक कामें करावीं लागतात. बुडाखालच्या दाबाची जाणीव, डोळ्यांस दिसणारी उभी आडवी रेषा, आणि कानाच्या आंतील इंद्रियाकडून कळणारा डोक्याचा कल, अशा तीन ठिकाणच्या वार्ता एकत्र जुळवाव्या लागतात. त्यांवरून उभी रेषा कोठें आहे हें ठरवावें लागतें, आणि धड कलंडण्यापूर्वींच त्याचे स्नायु आवळावे लागतात. शिवाय हातास हुकूम प्रामुख्यानें मेंदूच्या एकाच बाजूकडून जातो. धडास मात्र दोन्ही बाजूंकडून कांहीं प्रमाणांत पोंचतो. त्यामुळें बोटें हलत नसतांहि धड सांवरणारा रोगी आपल्या मेंदूंत बरेंच कांहीं शाबूत असल्याची खूण देत असतो. उलट, जो बसवितांच कलंडतो त्याचें नुकसान एका अवयवापुरतें नसून वार्ता जुळविणाऱ्या यंत्रणेंतच बिघाड झाला आहे असें समजावें लागतें.

यानंतर तोलाच्या मापांस बहर आला. १९८९ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें कॅथरीन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जें माप प्रसिद्ध केलें तें आज 'बर्ग बॅलन्स स्केल' या नांवानें जगभर चालतें. तें मुळांत वृद्धांसाठीं होतें. त्यांत चौदा कृति आहेत: खुर्चीवरून उठणें, आधाराशिवाय दोन मिनिटें उभें राहणें, डोळे मिटून उभें राहणें, हात पुढें करून जितकें वांकतां येईल तितकें वांकणें, जमिनीवरची वस्तु उचलणें, मागें वळून पाहणें, स्वतःभोंवतीं पूर्ण फेरी घेणें, चौरंगावर आळीपाळीनें पाऊल ठेवणें, आणि शेवटीं एका पायावर उभें राहणें, अशा प्रकारच्या. प्रत्येक कृतीस शून्यापासून चारपर्यंत गुण, एकूण छपन्न. साहित्य म्हणाल तर सेकंद दाखविणारें घड्याळ, एक फूटपट्टी, दोन खुर्च्या व एक चौरंग. वेळ पंधरा वीस मिनिटें. ज्या मापास लाखाचें यंत्र लागत नाहीं तें गरीब देशांतहि चालतें, आणि या मापाच्या प्रसाराचें निम्में श्रेय आम्ही त्या खुर्च्यांस व चौरंगासच देऊं.

तथापि या मापांत एक उणीव होती. तीव्र झटका आलेल्या रोग्यास पहिल्या पंधरवड्यांत चौदांपैकीं बहुतेक कृति जमतच नाहींत. असे पुष्कळ रोगी शून्याच्या आसपास गोळा होतात आणि त्यांच्यांतला फरक मापास दिसत नाहीं. अगदीं चांगले झालेले रोगी त्याच रीतीनें छपन्नाशीं गोळा होतात. म्हणून अंथरुणावरच्या रोग्यासाठीं निराळीं मापें निघालीं. १९९० सालीं कॉलिन व वेड यांनीं धडाची परीक्षा मांडली. तींत चारच गोष्टी आहेत: अंथरुणावर दोन्ही कुशींवर वळणें, निजलेला उठून बसणें, आणि कडेवर तोल सांवरून बसणें, मिळून शंभर गुण. १९९७ सालीं फ्रांकिन्योनी आदि इटालियन वैद्यांनीं दाखविलें कीं, पुनर्वसनासाठीं दाखल होतांना या परीक्षेंत मिळालेल्या गुणांवरून घरीं जातेवेळची स्थिति बरीच अजमावतां येते. १९९९ सालीं फ्रान्समध्यें बेनॅम, पेरेनू प्रभृतींनीं फुग्ल-मायर यांच्या कोपऱ्यांतल्या त्या सात कृतींचा विस्तार करून केवळ अर्धांगाच्या रोग्यांसाठीं बारा कृतींचें व छत्तीस गुणांचें माप तयार केलें. तिसाव्या दिवशींच्या त्यांतील गुणांचा नव्वदाव्या दिवशींच्या स्वावलंबनाशीं चांगला मेळ बसला. तैवानमध्यें १२३ रोग्यांवर हीं मापें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यांत आलीं, त्याचा अहवाल २००२ सालीं निघाला. तिन्ही मापें विश्वासार्ह, पण सर्व अवस्थांत मिळून हें फ्रेंच माप किंचित् सरस, असा त्याचा निष्कर्ष होता.

दाराशीं विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला जवळजवळ थेट भिडणारें उत्तर मिळालें तें नेदर्लंड्समधून, २०११ सालीं. तेथील फेर्बेक, क्वाकेल व सहकारी यांनीं, पहिल्याच झटक्यानंतर चालूं न शकणारे १५४ रोगी घेतले आणि पहिल्या तीन दिवसांत दोनच गोष्टी पाहिल्या: रोगी तीस सेकंद आधाराशिवाय बसतो काय, आणि त्याच्या लुळ्या पायांत थोडेंफार बळ दिसतें काय. ज्यांस दोन्ही गोष्टी साधल्या ते सहा महिन्यांत स्वतंत्रपणें चालूं लागण्याचा संभव शेंकडा ९८ निघाला. ज्यांस दोन्हींपैकीं एकहि साधली नाहीं त्यांच्या बाबतींत तो शेंकडा २७ होता. आणि नवव्या दिवसापर्यंतहि साधली नाहीं तर शेंकडा १०.

पुढें न्यूझीलंडांतील ऑकलंड येथील स्मिथ, बार्बर व स्टिनिअर यांनीं 'चालेल काय' याच्या पुढें जाऊन 'केव्हां चालेल' असें विचारलें. २०१७ सालीं त्यांनीं ४१ रोग्यांवरून असें मांडलें कीं, आठवड्याअखेर धडाच्या परीक्षेंत शंभरांपैकीं चाळिसांहून अधिक गुण मिळविणारा रोगी सहा आठवड्यांत चालतो. तितके नसले पण कंबरेचा सांधा मागें ताणण्याचें बळ बेताचें असलें तर बारा आठवड्यांत. २०२२ सालीं ९३ रोग्यांच्या आधारानें त्यांनीं आपलें अनुमान सुधारून घेतलें. आतां त्यांत तीन गोष्टी आहेत: वय ऐंशींच्या आंत आहे काय, गुडघा सरळ करण्याचें बळ कितपत आहे, आणि आठवड्याअखेर बर्गच्या मापांत सहांहून कमी, सहा ते पंधरा, कीं सोळा व त्यांवर गुण आहेत. म्हणजे ज्या मापांत छपन्न गुण आहेत त्यांतील पहिले सोळाच भाकितासाठीं महत्त्वाचे ठरले. आरंभींच्या त्या चारदोन पायऱ्यांतच सारा फरक आहे.

येथवरचा वृत्तांत वाचून, आतां भाकिताचें कोडें सुटलें, असें वाचकांस वाटेल. तसें मानणें घाईचें होईल. मेंदूच्या उजव्या वा डाव्या भागास इजा झालेले कांहीं रोगी चमत्कारिक रीतीनें वागतात. ते आपल्या धडधाकट हातानें स्वतःस लुळ्या बाजूकडे ढकलतात, आणि कोणी सरळ करूं गेल्यास जोरानें विरोध करितात. १९८५ सालीं पॅट्रिशिया डेव्हिस यांनीं या प्रकाराचें वर्णन केलें. २००० सालीं जर्मनींतील कार्नाथ व सहकारी यांस आढळलें कीं, डोळे मिटलेले असतां या रोग्यांस आपण ताठ बसलों आहों असें वाटतें तेव्हां ते प्रत्यक्षांत सुमारें अठरा अंश इजेच्या बाजूस कललेले असतात. त्यांची सरळ रेषाच वांकडी झालेली असते. अशा रोग्याचा बसण्याचा तोल अर्थातच अत्यंत वाईट. पण कोपनहेगनच्या पाहणीचा १९९६ सालचा अहवाल असें सांगतो कीं, असे रोगी अखेरीस इतरांच्याच बरोबरीनें सुधारतात. त्यांस वेळ मात्र ३.६ आठवडे अधिक लागतो. त्यांस आरंभींच निकालांत काढणारा वैद्य चुकला असता, आणि चुकल्याचें त्यास कधीं कळलेंहि नसतें.

तोल लवकर परत येणें हें शुभचिन्ह, म्हणून रोग्यास पहिल्याच दिवशीं दांडगाईनें उठवावें, असाहि तर्क कोणी करील. हा तर्क १५ नव्हे, ५६ नव्हे, तर २१०४ रोग्यांवर तपासला गेला आहे. ऑस्ट्रेलियांतून निघालेल्या व पांच देशांत झालेल्या त्या प्रयोगाचा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. चोवीस तासांच्या आंत वारंवार व अधिक काळ उठविलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिति नेहमींचे उपचार घेणाऱ्यांहून सरस न ठरतां कांहींशी वाईटच ठरली. चिन्ह म्हणजे कारण नव्हे. पारा वर चढविल्यानें ऊन वाढत नाहीं.

आतां त्या जुन्या वादाकडे वळूं. शेंकडा २७ या आंकड्याचे दोन अर्थ करितां येतात. चारांतील तिघे चालणार नाहींत, हा एक; चारांतील एक चालेल, पण तो कोण हें आज ठाऊक नाहीं, हा दुसरा. पहिला अर्थ धरणारा रोग्यावरचे श्रम कमी करितो. दुसरा धरणारा चौघांवरहि करितो. पुनर्वसनाच्या खाटा थोड्या आणि रोगी पुष्कळ, अशी स्थिति जेथें असेल तेथें कमी गुणांचा रोगी दारांतूनच परत जाण्याचा धोका असतो. ज्यास उपचार मिळाले नाहींत तो चालला नाहीं, आणि तो चालला नाहीं म्हणून भाकित खरें ठरलें, असें हें चक्र आहे. असाध्यास हात लावूं नये या प्राचीन उपदेशाचेंच हें आंकड्यांचा पोशाख ल्यालेलें रूप होय. प्राचीन वैद्याजवळ देण्यासारखें थोडें होतें, म्हणून त्याचा उपदेश क्षम्य होता. आज तो तसा राहिलेला नाहीं.

आमच्या एका वडिलधाऱ्या आप्तांस हा विकार झाला, तेव्हांची गोष्ट सांगतों. दुसऱ्या दिवशीं एका अधिकारी गृहस्थांनीं पायथ्याशीं उभे राहून, त्यांस न शिवतां, "आतां हे अंथरुणावरच," असें घरच्यांस सांगून टाकलें. घरांत त्या संध्याकाळीं चूल पेटली नाहीं. सातव्या आठव्या दिवशीं उपचारासाठीं आलेल्या एका तरुण मुलीनें प्रथमच त्यांस खाटेच्या कडेवर बसविलें, पाय खालीं टेकविले, आपले हात हळूच काढून घेतले आणि घड्याळाकडे पाहूं लागली. ते डोलले, सांवरले, आणि बसून राहिले. "काका बसतात कीं हो," एवढेंच ती म्हणाली. चार महिन्यांनीं ते काठी घेऊन परसदारापर्यंत जाऊं लागले. एका उदाहरणानें कांहीं सिद्ध होत नाहीं हें आम्ही जाणतों. त्यांचा तोल गेलेला असता तर त्या मुलीसहि दुसरेंच कांहीं बोलावें लागलें असतें. पण पहिल्या गृहस्थांनीं केलेलें तें भाकित नव्हतें, ती अटकळ होती. आणि मापानें आम्हांस दिलेला सर्वांत मोठा लाभ आमच्या मतें हाच कीं, अटकळ करणारास आतां सबब राहिली नाहीं. मोजल्याशिवाय बोलूं नये, आणि एकदांच मोजून थांबूं नये. पहिल्या तीन दिवसांत शेंकडा २७ असलेला संभव नवव्या दिवशीं १० होतो, याचा अर्थच असा कीं, मधल्या काळांत ज्यांस बसतां येऊं लागलें ते त्या गटांतून बाहेर पडले. प्रत्येक नव्या मोजणीबरोबर जुनें भाकित रद्द करण्याची तयारी ठेवली पाहिजे.

आपल्याकडे या मापांचा उपयोग करितांना आणखी एक विवेक हवा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराची शाळा निघाली. तेव्हांपासून या विद्येचे जाणकार आपल्याकडे तयार होत आले आहेत, आणि बाहेरचीं मापें येथें परकीं राहिलेलीं नाहींत. परंतु तीं खुर्चीच्या देशांत जन्मलीं. चौदा कृतींत मांडी घालून जमिनीवर बसणें नाहीं, उकिडवें बसणें नाहीं, जमिनीवरून हात टेकीत उठणें नाहीं. छपन्नांपैकीं पन्नास गुण मिळविणारी आजी देवापुढें पाटावर बसूं शकेल कीं नाहीं, पंगतींतून उठूं शकेल कीं नाहीं, हें त्या गुणांवरून कळत नाहीं. आणि तिच्या लेखीं बरें होणें म्हणजे तेंच. भाकित विलायती मापानें केलें तरी बरें होण्याची व्याख्या रोग्याच्या घरांतूनच आली पाहिजे.

सुश्रुताच्या काळापासून आजपर्यंत वैद्य साध्य व असाध्य यांच्यामधली रेषा शोधीत आला आहे. ती रेषा आतां पूर्वींपेक्षां स्पष्ट झाली आहे यांत शंका नाहीं, आणि ती स्पष्ट करण्याचें काम खुर्ची, चौरंग व घड्याळ एवढ्यावर झालें हें विशेष. पण रेषेचा उपयोग कोणास बाहेर ठेवावें हें ठरविण्याकडे न होतां, कोणास किती दिवस, किती श्रम व कोणता आधार लागेल हें ठरविण्याकडे व्हावा. ज्याचा तोल लवकर येणार त्यास चालण्याचा सराव लवकर द्यावा. ज्याचा उशिरां येणार त्याच्या घरीं चाकाची खुर्ची, उंच खाट आणि पाळीपाळीनें बसणारीं माणसें यांची तजवीज वेळीं करावी, व त्याची मोजणी मात्र चालूच ठेवावी. आणि दाराशीं मुलगा हलक्या आवाजांत विचारूं लागला म्हणजे डॉक्टरांनीं पायथ्याशीं उभे राहून उत्तर देऊं नये. "आज सांगत नाहीं, उद्यां सकाळीं त्यांना कडेवर बसवून पाहूं, तुम्हीहि जवळ उभे रहा," एवढें त्यांनीं म्हणावें.